सैतानाचे बोट आणि मेरी अॅनिंग

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात, लाइम रीजिस नावाचे लहानसे बंदर आहे. तेथील कडे चुनखडी आणि काळसर मातकट खडकांच्या थरांचे असून ते सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचलेल्या गाळापासून बनले. हिवाळी वादळांत कडे ढासळले की नाना आकारांचे दगड किनाऱ्यावर येऊन पडत. वेटोळ्याच्या दगडास लोक सर्पशिळा म्हणत, बंदुकीच्या गोळीसारख्या निमुळत्या दगडास सैतानाचे बोट, तर जाड, वाकड्या शिंपल्यास सैतानाचे नख. या गावी २१ मे १७९९ रोजी मेरी अॅनिंग यांचा जन्म झाला.

वडील रिचर्ड सुतार होते. दहा अपत्यांपैकी जोसेफ आणि मेरी ही दोनच जगली. वडील दोघांना किनाऱ्यावर नेत, दगड कसे शोधावेत आणि साफ करावेत ते शिकवीत, आणि हवापालटासाठी आलेल्या पाहुण्यांना ते विकीत. १८१० साली वडील वारले. मागे उरले कर्ज आणि गावाची धर्मादाय मदत. हे कुटुंब राजमान्य चर्चच्या बाहेरील पंथाचे होते. त्या काळी अशांना ऑक्सफर्डचे दार बंद होते, मग सुताराच्या मुलीची गोष्टच निराळी. लिहिणे-वाचणे मेरी आपल्या पंथाच्या रविवारच्या शाळेत शिकली, आणि तेवढ्या शिदोरीवर पुढे तिने शास्त्रीय निबंध मिळवून ते हाताने उतरवून काढले.

१८११-१२ मध्ये जोसेफला प्रथम कवटी आणि नंतर मेरीला उरलेला सांगाडा सापडला, तो इक्थिओसॉरचा. तेव्हा मेरी बारा वर्षांची होती. १८२३ मध्ये प्लेसिओसॉर, १८२८ मध्ये उडणारा सरीसृप, असे मोठे शोध पुढे लागले. त्यांची वर्णने सर्वत्र वाचावयास मिळतात. आम्हांस येथे सांगावयाचे आहे ते बिनकण्याच्या लहान प्राण्यांविषयी. अॅनिंग कुटुंबाची रोजची चूल बहुतांशी त्यांच्यावरच पेटे, आणि नवशिक्याच्या हाती प्रथम तेच लागतात.

सर्पशिळेचेच पाहा. वेटोळे पाहून साप किंवा गोगलगाय वाटावी असा तिचा आकार आहे. व्हिटबी येथील विक्रेते तर त्यावर सापाचे डोके कोरून देत. परंतु दगड मधोमध चिरला असता आत पडद्यांनी विभागलेल्या कप्प्यांची रांग दिसते. गोगलगायीच्या शंखात अशी रांग नसते. हा अॅमोनाइट होय. बाहेरच्या कप्प्यात प्राणी राही आणि मागील कप्पे त्यास तरंगण्यास साह्य करीत. एक जात दुसरीपासून वेगळी करावयाची तर फासळ्यांसारख्या कडा दाट आहेत की विरळ, पाठीवर उंच कणा आहे की नाही, आणि आतील पडदे बाहेरील कवचास मिळतात तेथील शिवण कशी नागमोडी आहे, हे बघावे लागते. नेपाळच्या गंडकी नदीतून येणारे, आपल्याकडे घरोघरी पुजले जाणारे शाळिग्रामही असेच अॅमोनाइट आहेत. नखाच्या आकाराचा शिंपला एका नामशेष कालवाचा, त्यावरील वाढीच्या रेषा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. आणि पाच टोकांचे चांदणीसारखे मणी फुलाचे नसून ताऱ्यामाशाच्या नात्यातील समुद्री लिलीच्या देठाचे तुकडे आहेत.

राहिले सैतानाचे बोट, म्हणजे बेलेम्नाइट. हा दगड आडवा मोडला तर केंद्रापासून कडेकडे जाणारे किरण दिसतात, आणि रुंद टोकाशी शंकूच्या आकाराची खोबण असते. या दोन खुणा असल्यास नवशिक्यानेही शंका बाळगू नये. मात्र हे प्राण्याचे कोणते अंग, हे त्यावरून कळत नाही. मेरीबाई मासे आणि माकूळ चिरून त्यांची अंतर्रचना अभ्यासीत. १८२६ मध्ये त्यांना काही बेलेम्नाइटांत सुकलेल्या शाईची पिशवी आढळली. माकुळाच्या अंगी अशीच पिशवी असते. तेव्हा हा माकुळाचाच नातेवाईक, आणि औषधाच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस जसा माकुळाच्या अंगातील कवच, तसेच हे कठीण बोटही अंगातील कवच होते. बाईंची मैत्रीण एलिझाबेथ फिलपॉट यांनी ती शाई पाण्यात कालवून तिने इक्थिओसॉरच्या कवटीचे चित्रही काढले. सैतान नाहीसा झाला, शाई मात्र कोट्यवधी वर्षांनंतरही लिहिती राहिली.

कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः पारखून पाहावे, हे आमच्या संस्थेतील मुलांना नवे नाही. परंतु अशी पारख करणाऱ्या बाईंच्या वाट्यास काय आले, तेही त्यांना ठाऊक असावे. १८२४ साली कॉनिबेअर यांनी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीत प्लेसिओसॉरचे वर्णन सादर केले, त्यात तो शोधणारीचे नाव नव्हते. संग्रहालयांत नमुना विकत घेणाऱ्याचे नाव लागे, दरडीखालून तो काढणारीचे नाही. बकलंड यांच्यासारख्या काहींनी श्रेय दिले हे खरे, पण आमच्या मते तो अपवादच होता. ही हाडे आणि शिंपले गोळा करणे काही फावल्या वेळचा छंद नव्हता. भरतीपूर्वी ओलसर कड्याखाली शिरावे लागे. १८३३ मध्ये दरड कोसळून त्यांचा कुत्रा ट्रे त्यांच्या शेजारीच चिरडला गेला.

पुढे साठवलेली पुंजी बुडाली, तेव्हा मित्रांच्या खटपटीने वार्षिक २५ पौंडांचे निवृत्तिवेतन मिळू लागले. ९ मार्च १८४७ रोजी, ४७ व्या वर्षी, स्तनाच्या कर्करोगाने बाईंचे निधन झाले. डे ला बेश यांनी सोसायटीत त्यांच्याविषयी श्रद्धांजलीपर भाषण केले, पण त्या सोसायटीने स्त्रियांना सदस्यत्व दिले ते १९१९ मध्ये.

२०२२ साली लाइम रीजिस येथे बाईंचा पुतळा उभारला गेला. त्याची मोहीम एका शाळकरी मुलीने सुरू केली होती. पुतळ्यात बाई किनाऱ्याकडे निघाल्या आहेत, आणि सोबत ट्रे आहे.