शून्यातून कर्ज वजा केलं तर काय उरतं? १४०० वर्षांपूर्वी उत्तर देणारे ब्रह्मगुप्त

पाचातून उणे तीन वजा केले की आठ होतात. शाळेत शिकणाऱ्या पोरांना हे गणित हमखास अडवतं. वजा केल्यावर आकडा कमी व्हायला पाहिजे, इथं तर वाढला. घरी विचारलं तर वजा वजा अधिक, पाठ कर, एवढंच उत्तर मिळतं. पण हा नियम नुसता पाठ करायचा नाही, तो रोजच्या उधारीच्या हिशोबातला आहे. शून्य, धन आणि ऋण या तिघांचे नियम एकत्र लिहून ठेवणारे गणिती म्हणजे ब्रह्मगुप्त.

ब्रह्मगुप्तांचा जन्म इ. स. ५९८ चा. वडिलांचं नाव जिष्णु. गाव भिल्लमाल, म्हणजे राजस्थानच्या जालोर जिल्ह्यातलं आजचं भीनमाळ. तेव्हा तिथं चाप वंशातल्या व्याघ्रमुख राजाची सत्ता होती. शके ५५० म्हणजे इ. स. ६२८ मध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत हा मोठा ग्रंथ पूर्ण केला. ग्रंथ मुख्यतः ग्रह-ताऱ्यांच्या गणिताचा, ग्रहणं काढण्याचा. पण त्यातल्या अठराव्या अध्यायात त्यांनी अधिक-उणे संख्यांचे नियम दिले.

चीनमध्ये त्याच्या आधीच लाल-काळ्या कांड्या मांडून असे हिशोब करायचे. ब्रह्मगुप्तांनी मात्र शून्यालाही संख्या मानून बेरीज, वजाबाकी, गुणाकाराचे नियम सांगितले. अधिक संख्येला त्यांनी धन म्हटलं, उणे संख्येला ऋण. आजही आपल्या पुस्तकात हेच शब्द आहेत. ऋण म्हणजे कर्ज, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

उधारीचा हिशोब

आता तेच गणित आपल्या भाषेत मांडू. समजा एकाकडं रोख ८ हजार आहेत आणि कृषी सेवा केंद्रात ३ हजारांची उधारी आहे. म्हणजे त्याचे स्वतःचे किती? ५ हजार. उद्या दुकानदारानं ती उधारी माफ केली, तर ५ मधून ३ चं ऋण वजा झालं. खिशात नवा रुपया आला नाही, तरी स्वतःचे झाले ८ हजार. ५ − (−३) = ८ ते असं. कर्ज काढून टाकणं म्हणजे तेवढं धन मिळणं.

ब्रह्मगुप्तांचा नियम याच्याही पुढचा आहे. शून्यातून ऋण वजा केलं तर धन, आणि शून्यातून धन वजा केलं तर ऋण. शून्यात कर्ज नसतंच, मग वजा काय करणार, असं वाटेल. पण ४ हजार रोख आणि ४ हजार कर्ज असलं तरी हिशोब शून्यच येतो. त्यातलं कर्ज गेलं तर ४ हजार धन उरतं. रोख गेली तर ४ हजारांचं ऋण उरतं.

पोरं आणखी एका ठिकाणी फसतात. −३ − ४ चं उत्तर ती +७ लिहितात, कारण वजा वजा अधिक डोक्यात बसलेलं असतं. इथं कर्ज माफ झालेलं नाही. आधीच ३ हजारांचं कर्ज, त्यात आणखी ४ हजार गेले. उत्तर −७.

चुकाही झाल्या

ब्रह्मगुप्तांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. शून्याला शून्यानं भागलं तर शून्य येतं असं त्यांनी लिहिलं, ते आजच्या गणितात चालत नाही. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे आर्यभटांचं म्हणणं त्यांना पटलं नाही, आणि आर्यभटांवर त्यांनी कडक टीका केली. पण इ. स. ६६५ मध्ये, ६७ व्या वर्षी, त्यांनी खंडखाद्यक हा दुसरा ग्रंथ लिहिला, तेव्हा त्याच आर्यभटांची एक गणितपद्धत आधाराला घेतली.

पुढं हे ज्ञान अरब देशांत पोचलं. युरोपात मात्र अठराव्या शतकातही काही गणिती ऋण संख्या मानायला तयार नव्हते. गणितावरच्या अध्यायांचं इंग्रजी भाषांतर कोलब्रुक यांनी १८१७ मध्ये छापलं.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनी ब्रह्मगुप्तांना गणितज्ञांमधला मुकुटमणी मानलं. त्याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला होता, तो आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्याला. तिथल्या देवीच्या मंदिरात त्याचा शिलालेख आहे.

तेव्हा घरातलं पोर या गणिताला अडलं, तर नियम पाठ करायला लावण्याआधी उधारीची वही काढा. त्यातली एक रक्कम खोडा आणि आता आपले किती झाले, ते त्यालाच मोजू द्या.