मारिया गेपर्ट-मायर

अणुगर्भात प्रोटॉन व न्यूट्रॉन दाटीवाटीने नांदतात. अशा गर्दीत प्रत्येक कणास स्वतःची कक्षा असेल, हे पूर्वी फार थोड्यांना पटे. पण २, ८, २०, २८, ५०, ८२ वा १२६ कण असले की गर्भ विशेष स्थिर का होतो?

हे कोडे सोडविणाऱ्या मारियाबाईंचा जन्म १९०६ चा, कॅटोविट्सचा. १९३० साली गटिंगेन येथे डॉक्टरेट मिळवून, विवाह करून त्या अमेरिकेस गेल्या. पती प्राध्यापक, विदुषी पत्नी मात्र बिनपगारी! शिकागोसही विद्यापीठात तीच गत.

कणाची गिरकी व कक्षेतील भ्रमण यांचा काही संबंध दिसतो काय, असे फर्मी यांनी एकदा जाता जाता विचारले, आणि दीर्घकाळ अडलेले गणित घटकाभरात जुळले. फेर धरून नाचणाऱ्या जोडप्यांची उपमा त्या देत : फेराच्या दिशेने गिरकी घेणे सोपे, उलट घेणे कठीण. आपल्या मुलींनी हे अंगणात करून पाहावे. कणाकणांतील अधिक सूक्ष्म संबंधांचा हिशेब पुढील संशोधकांसाठी उरला.

१९४९ साली जर्मनीत जेन्सन यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडले. वैर न धरता दोघांनी १९५५ मध्ये मिळून ग्रंथ लिहिला; १९६३ चे नोबेल पारितोषिक त्यांना विग्नर यांच्यासह लाभले. पूर्ण वेतनाचे प्राध्यापकपद मात्र १९६० साली, वयाला चोपन्न वर्षे झाल्यावर, सॅन दिएगो येथे मिळाले. लगेच पक्षाघाताने गाठले; तरी त्या पुढे कित्येक वर्षे शिकवीत राहिल्या. १९७२ साली त्या निवर्तल्या.