हृदयविशारद डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याची आपली प्रथा आहे. संत, समाजसुधारक, देशभक्त ह्यांची चरित्रे आपण पुष्कळ वाचली. यंदा एका डॉक्टरांविषयी लिहावे असे मनात आले. हे डॉक्टर जन्माने बंगाली. पण त्यांची कर्मभूमी आपली मुंबई. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आपल्यापैकी कित्येकींचे कोणी ना कोणी उपचार घेऊन आले असेल. परंतु ह्याच रुग्णालयात १९६८ साली भारतातील पहिले हृदयरोपण झाले आणि ते डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी केले, हे आपल्यातील फार थोड्या जणींना ठाऊक असेल.

डॉ. सेन ह्यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्यास झाला. वैद्यकीच्या शिक्षणासाठी ते मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात आले. हे कॉलेज आणि त्यास जोडलेले के. ई. एम. रुग्णालय ही दोन्ही १९२६ साली सुरू झाली. त्या काळी मोठमोठ्या वैद्यकीय संस्थांतून वरच्या जागा बहुधा इंग्रजांकडे असत. म्हणून येथील अध्यापक भारतीयच असावेत, ही अट घालून सेठजींच्या विश्वस्तांनी देणगी दिली होती. आपल्या माणसांनाही मोठे काम साधते, हे दाखवण्यासाठी निघालेल्या ह्या संस्थेचे नाव पुढे ज्यांनी जगभर नेले, त्यांत डॉ. सेन अग्रभागी होते.

शस्त्रक्रियेचे उच्च शिक्षण पुरे झाल्यावर १९४९ च्या सुमारास ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फिलाडेल्फियास गेले. दुसऱ्या महायुद्धानंतरचा तो काळ. तोवर छाती उघडून हृदयास हात लावणे म्हणजे रोग्याच्या मरणास आमंत्रण, अशीच डॉक्टरांची समजूत होती. ती नुकती कोठे मोडू लागली होती. हे नवे ज्ञान डोळ्यांनी पाहून डॉ. सेन परतले. परदेशी राहिले असते तर पैसा व सुखसोयी ह्यांना तोटा नव्हता. पण ते परळच्या नगरपालिकेच्या रुग्णालयात परत आले आणि गोरगरिबांच्या सेवेस लागले.

येथे थोडे हृदयाच्या रोगाविषयी सांगितले पाहिजे, कारण तो विशेषतः आपल्या बायकांच्या वाट्यास येतो. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, मग सांधे सुजतात व दुखतात. घरचे म्हणतात, वाढत्या वयाचे दुखणे आहे, बरे होईल. सांधे बरे होतातही. पण तो ताप हृदयाच्या झडपांवर आपली खूण ठेवून जातो. वर्षे लोटतात तशी झडप जाड होते, तिच्या पाकळ्या एकमेकींस चिकटतात आणि रक्त जाण्याची वाट अरुंद होते. मुलीचे लग्न होते, दिवस जातात, हृदयावर भार वाढतो आणि चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. रात्री आडवे होववत नाही. माझ्या आजीची धाकटी बहीण अशीच गेली. दुसऱ्या बाळंतपणात ती उशाला टेकून बसून रात्री काढी, आणि घरातली मंडळी तिला नाजूक प्रकृतीची म्हणत. तिच्या दुखण्याला नाव आहे आणि त्यावर इलाजही निघाला आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते.

तो इलाज के. ई. एम. मध्ये सुरू करणारे डॉ. सेन होत. १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी अशा चिकटलेल्या झडपांवर शस्त्रक्रिया करण्यास आरंभ केला. हृदयाच्या वरच्या कप्प्याला कानासारखा एक लहानसा भाग असतो. बटव्याचे तोंड नाडीने आवळावे तशी त्याभोवती शिवण घालायची, त्यातून बोट आत सरकवायचे आणि चिकटलेली झडप त्या बोटाने उकलायची. हृदय धडधडत असतानाच हे करायचे. डोळ्यांना काही दिसत नाही, सारे बोटाच्या स्पर्शाने ओळखायचे. ह्या शस्त्रक्रियेने अनेक रोग्यांना पुन्हा चालते फिरते केले.

आणखी एका रोगाकडे त्यांचे लक्ष गेले. ह्या रोगात शरीराच्या मोठ्या धमन्या आतून सुजून अरुंद होतात, आणि कित्येकदा मनगटावर नाडीच लागत नाही. हाही अधिक करून तरुण स्त्रियांना होतो. डॉ. किणरे, डॉ. केळकर, डॉ. पारुलकर ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी ह्या रोगाचा वर्षानुवर्षे अभ्यास केला व त्यावर ग्रंथ लिहिला. परदेशच्या पुस्तकांत जे आहे तेवढेच शिकवावे, हा त्यांचा स्वभाव नव्हता. आपल्या देशातले रोगी, आपल्या देशातले रोग, म्हणून शोधही आपणच लावले पाहिजेत, ह्या वृत्तीने ते काम करीत.

त्यांची कल्पनाशक्ती किती चालत असे ह्याचे एक उदाहरण ऐकून नवल वाटेल. माणसाच्या हृदयाच्या स्नायूस रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्या बुजल्या, की स्नायू मरतो. त्यालाच आपण झटका म्हणतो. सापाच्या हृदयाची रचना मात्र निराळी. त्याच्या स्नायूस हृदयाच्या पोकळीतूनच बारीक वाटांनी रक्त मिळते. मग माणसाच्या हृदयातही सुईने बारीक छिद्रे पाडून तशाच वाटा का करू नयेत? डॉ. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या विचारावर प्रयोग केले आणि १९६५ साली ते परदेशी नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे काही वर्षांनी पाश्चात्य डॉक्टरांनी सुईच्या ऐवजी लेसर किरणे घेऊन हीच वाट चोखाळली.

आता मुख्य प्रसंगाकडे वळू. ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन येथे डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड ह्यांनी जगातील पहिले मानवी हृदयरोपण केले. तो रोगी अठरा दिवस जगला. डॉ. सेन व त्यांचे सहकारी ह्याआधीच कित्येक वर्षे कुत्र्यांवर हृदयरोपणाचे प्रयोग करीत होते. १६ फेब्रुवारी १९६८ रोजी परळला त्यांनी हे धाडस केले. रोगी एक तरुण शेतकरी होता. त्याचे हृदय पार थकून गेले होते, दुसरा उपाय उरला नव्हता. हृदय मिळाले ते अपघातात डोक्यास जबर मार लागलेल्या एका तरुण स्त्रीचे. नवे हृदय त्याच्या छातीत धडधडू लागले. पण तो आनंद सुमारे तीन तासच टिकला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तो रोगी सुमारे चौदा तास जगला.

ह्याला अपयश म्हणावे काय? त्या एका वर्षात जगभर शंभरावर हृदयरोपणे झाली आणि बहुतेक रोगी फार दिवस जगले नाहीत. शरीर परके हृदय आपले म्हणत नाही, ते झिडकारते. त्याला आवर घालणारी चांगली औषधे तेव्हा नव्हती. मेंदू मेला म्हणजे माणूस मेला, असे सांगणारा कायदाही आपल्याकडे नव्हता. अशा काळात पुढे पाऊल टाकणाऱ्यास टीकाही सोसावी लागते. रोग्यावर प्रयोग करावा की न करावा, हा प्रश्न सोपा नाही, आणि विचारणारे चुकले असे मला म्हणवत नाही. पण ज्या रोग्यास दुसरी वाट नव्हती त्याच्यासाठीच त्यांनी हात उचलला, हेही विसरता येत नाही.

१९६९ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. त्यांच्या हाताखाली शिकलेल्या शस्त्रवैद्यांनी हे काम पुढे चालविले. त्यांत डॉ. पारुलकर ह्यांचे नाव विशेष घ्यावे लागेल. शस्त्र धरणाऱ्या ह्या हातांना चित्रकलेचीही आवड होती. १९८२ साली डॉ. सेन ह्यांचे निधन झाले. त्यानंतर बारा वर्षांनी, १९९४ साली, अवयवरोपणाचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीस डॉ. वेणुगोपाळ ह्यांनी भारतातील पहिले यशस्वी हृदयरोपण केले. ज्या के. ई. एम. मध्ये ही सुरुवात झाली तेथे मात्र पुन्हा हृदयरोपण होण्यास २०२४ साल उजाडावे लागले. मधे छप्पन्न वर्षे गेली.

भगिनींनो, ह्या चरित्रातून आपण घरी काय न्यावे? एक तर, मुलांचा धरलेला घसा व सुजलेले सांधे हसण्यावारी नेऊ नयेत. वेळीच डॉक्टरांना दाखवले तर पेनिसिलिनने झडप वाचते. ज्यांची झडप बिघडलीच आहे त्यांच्यासाठी आता पुष्कळदा छाती न उघडता, पायाच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते. तेव्हा घरातल्या सुनेला धाप लागत असेल तर तिला नाजूक म्हणून सोडून देऊ नये.

दुसरी गोष्ट मला अधिक जड वाटते. त्या दिवशी परळला एका तरुण स्त्रीचे हृदय दुसऱ्याच्या छातीत धडधडले. डॉक्टरांचे नाव इतिहासात राहिले, तिचे फार थोड्यांना ठाऊक आहे. तिच्या माणसांनी त्या दुःखाच्या घटकेस होकार दिला नसता तर सारी विद्या तशीच राहिली असती. अवयवदानाचा विचार अशा घटकेस एकाएकी सुचत नाही. तो आधी, घरची सगळी मंडळी सुखात असताना, जेवणे आटोपल्यावर बोलून ठेवावा लागतो. आपण त्या रुग्णालयावरून जाऊ तेव्हा डॉ. सेन ह्यांना वंदन करावे, आणि त्यांच्या बरोबरीने त्या दात्या भगिनीलाही.