कंत्राटदार जोतीराव आणि आपला ठेका

नवलाख उंबऱ्याच्या शिवारात औद्योगिक वसाहत आली आणि मावळातल्या पोरांच्या तोंडी ठेका हा शब्द रुळला. कुणी कामगार पुरवतो, कुणी खडी, कुणी गाड्या. चळवळीतली काही मंडळी त्यावर नाक मुरडतात. जो कमवायला लागला तो समाजाचा राहिला नाही, असे त्यांचे म्हणणे. याचा निवाडा करण्यासाठी राष्ट्रपिता जोतीराव फुले यांच्या जीवनाकडे पाहावे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. १८४८ साली त्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. त्यापायी पुढच्याच वर्षी सावित्रीमाईंसह त्यांना वडिलांचे घर सोडावे लागले. पण समाजकार्य करतो म्हणून ते कुणाच्या दयेवर जगले नाहीत. त्यांनी धातू ओतण्याच्या मुशी विकल्या, शेती केली, पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत भागीदारी केली. खडकवासला धरणाच्या कामाला त्यांनी साहित्य पुरवले. थोडक्यात, आपले तात्यासाहेब ठेकेदार होते! नफा मिळवण्यात त्यांना पाप वाटले नाही.

मग त्यांचे वेगळेपण कशात? एक म्हणजे, पैसा कुठे गेला. १८६३ साली फसवल्या गेलेल्या विधवांसाठी त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८६८ साली घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. १८७३ साली सत्यशोधक समाज उभारला आणि १८७७ च्या दुष्काळात धनकवडीला मुलांसाठी अन्नछत्र चालवले.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. बांधकाम खात्यातली लाचखोरी आणि मजुरांची लूट त्यांनी जवळून पाहिली आणि त्याविरुद्ध लेखणी चालवली. सरकारी कामे घेणाऱ्याला गप्प बसण्यातच फायदा असतो. पुढे ते पुणे नगरपालिकेचे सदस्य झाले. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यात येणार म्हणून लोकांच्या पैशातून स्वागताचा खर्च करण्याचा ठराव आला, तेव्हा विरोधात मत देणारे जोतीराव एकटेच होते. स्वार्थ आणि लोकहित एका वाटेने चालतात तोवर कुणीही सज्जन असतो. वाटा फुटतात तिथे माणूस कळतो.

१८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला. त्यांनी डाव्या हाताने सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक लिहून पूर्ण केले. अखेरीस घरात ओढाताण इतकी, की मामा परमानंदांना सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकावा लागला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी हा कंत्राटदार गेला, तो इमले न ठेवता.

बाबासाहेबांनी बुद्ध आणि कबीरांसोबत जोतीरावांना गुरू मानले. तथागतांनी सांगितलेली सम्यक आजीविका याहून वेगळी काय असते? म्हणून ठेका जरूर घ्यावा. पण आपल्याच वस्तीतल्या मजुराचे किमान वेतन कापून, त्याचा भविष्य निर्वाह निधी बुडवून जयंतीला मोठी वर्गणी देणे हे दान नव्हे, ती चोरीच्या मालाची वाटणी आहे. येत्या २८ नोव्हेंबरला पुतळ्याला हार घालण्याआधी आपल्यातल्या प्रत्येक ठेकेदाराने आपली हजेरीवही एकदा उघडून पाहावी.