नामदार गोखले आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार

आमच्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखाद्या कीर्तिवंत पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी चिटणीसांची सूचना आल्यावर आम्ही नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव कळविले. चरित्रनायक ज्ञातीतीलच हवा असा दंडक मंडळाने कधी घातलेला नाही, आणि ज्याचे कार्य सर्वांच्या उपयोगी पडले त्याची ज्ञाती पाहण्याचे कारणही नाही. गोखल्यांचे नाव शाळेच्या पुस्तकांतून सर्वांस ठाऊक असते. परंतु नेमस्त पुढारी, भारत सेवक समाजाचे संस्थापक आणि महात्माजींचे राजकीय गुरू एवढे सांगितले म्हणजे बहुधा त्यांचा धडा संपतो. मुंबईस किंवा नागपुरास अधिवेशन भरले की आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील आमदार उभे राहून मंत्र्यास पाण्याचा, पीकविम्याचा, शाळाखोल्यांचा प्रश्न विचारतात, आणि उत्तर अपुरे वाटल्यास तेथल्या तेथे उपप्रश्नही विचारतात. ही गोष्ट आज इतकी अंगवळणी पडली आहे की तो अधिकार कधी नव्हताच असे कोणास वाटत नाही. तो नव्हता, आणि जेव्हा तो अर्धामुर्धा हाती आला तेव्हा त्याचा उपयोग कसा करावा हे ज्यांनी दाखवून दिले त्यांत गोखले अग्रभागी होते. त्यांच्या चरित्राचा तेवढाच भाग येथे विस्ताराने सांगण्याचा आमचा मानस आहे.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. वडील कृष्णराव कागल संस्थानात नोकरीस होते. ते १८७९ साली वारले. तेव्हा वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतून आठ रुपये दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी पाठविले. उरलेल्या सात रुपयांत मोठ्या भावाचा संसार कसा चालला असेल, हा हिशेब वाचकांनीच करावा. गोपाळराव १८८४ साली बी. ए. झाले आणि पुण्यास न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षक लागले. पुढे फर्ग्युसन कॉलेजात गणित, इंग्रजी, इतिहास, अर्थशास्त्र, जो विषय वाट्यास येईल तो त्यांनी शिकविला. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक हिंदुस्थानभर शाळांतून चालले. आम्ही स्वतः शिक्षकी पेशात आयुष्य घालविल्यामुळे असेल कदाचित, पण गोखल्यांच्या कायदेमंडळातील कर्तृत्वाचे मूळ आम्हांस या अंकगणिताच्या पुस्तकातच दिसते. उत्तर आले एवढ्यावर समाधान न मानता रीत दाखव असे मुलास म्हणणारा हा मास्तर पुढे हिंदुस्थान सरकारासही तेच म्हणू लागला.

१८८७ च्या सुमारास त्यांस न्यायमूर्ती रानडे यांचा सहवास लाभला. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, दुष्काळाचे वृत्तान्त ही रुक्ष कागदपत्रे कशी वाचावीत, त्यांतून प्रजेच्या दुःखाचा आकडा कसा बाहेर काढावा, याचे शिक्षण रानड्यांनी त्यांस वर्षानुवर्षे दिले. लिहून आणलेला मजकूर पुन्हा लिहावयास लावणे हा त्या गुरूचा नित्याचा परिपाठ होता.

आता त्या काळच्या कायदेमंडळाची स्थिती सांगितली पाहिजे. १८६१ च्या कायद्याने जी मंडळे स्थापन झाली त्यांत सभासदांनी समोर आलेल्या विधेयकावर बोलावे, याहून अधिक काही करण्याची मुभा नव्हती. १८९२ च्या कायद्याने प्रथमच प्रश्न विचारण्याची सवलत मिळाली. फेब्रुवारी १८९३ मध्ये पहिला प्रश्न विचारला तो अयोध्या प्रांतातील भिंग्याच्या राजांनी. साहेबांची स्वारी दौऱ्यावर निघाली म्हणजे खेड्यातील दुकानदारांस जी रसद पुरवावी लागे तिच्या जाचाविषयी तो प्रश्न होता. म्हणजे आपल्या देशात सरकारास विचारलेला पहिला प्रश्न खेड्यातील वाण्याचा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तथापि ही सवलत फार आखडती होती. प्रश्न आधी लेखी कळवावा लागे. त्यात केवळ माहिती मागावी, वाद घालू नये. अध्यक्षांस वाटल्यास त्यांनी तो नाकारावा. आणि उत्तर वाचून झाले की प्रकरण मिटले. उत्तरावर पुन्हा प्रश्न नाही, चर्चा नाही. अंदाजपत्रकावर बोलता येई, पण त्यातील एक रुपयाही कमी करावा म्हणून मत मागता येत नसे. त्या वेळी मंत्री म्हणून कोणी नव्हते. कार्यकारी मंडळाचे सभासद आणि त्यांचे चिटणीस हेच उत्तरे देत, आणि ते प्रजेस जबाबदार नव्हते.

या मंडळात जाण्यापूर्वी गोखल्यांस एक कडू धडा मिळाला होता. १८९७ साली ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी विलायतेस गेले असता पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी लावलेल्या गोऱ्या शिपायांच्या अत्याचारांविषयी त्यांस पुण्याहून पत्रे आली. त्यांवर विसंबून त्यांनी तेथे जाहीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा द्यावयास कोणी पुढे येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्यावरून त्यांस स्वकीयांकडूनच फार निंदा सोसावी लागली. माफी इतकी सर्वस्वी मागावयास हवी होती काय, याविषयी आजही मतभेद होऊ शकेल. आमच्या मते ती काहीशी अधिकच झाली. परंतु हाती कागद असल्यावाचून विधान करावयाचे नाही, हा नियम त्यानंतर त्यांनी जन्मभर पाळला.

१८९९ च्या अखेरीस ते मुंबई कायदेमंडळावर निवडून आले. ते वर्ष मोठ्या दुष्काळाचे. १९०१ साली सरकारने जमीनमहसुलाच्या कायद्यात दुरुस्ती आणली. तिचा आशय असा की, सारा थकल्यामुळे जप्त झालेली जमीन शेतकऱ्यास परत देताना ती विकण्याचा किंवा गहाण ठेवण्याचा त्याचा हक्क काढून घ्यावा. सावकारापासून शेतकऱ्याचे रक्षण व्हावे, हे सरकारचे कारण. गोखले व फिरोजशहा मेहता यांचे म्हणणे असे की, हातची पत गेलेला कुणबी सरकारचा केवळ कूळ होऊन बसेल. विधेयक लोकमतासाठी पुढे ढकलावे ही विनंती नाकारली गेली, तेव्हा मेहता, गोखले आणि त्यांचे सहकारी सभात्याग करून निघून गेले. आज सभात्यागाचे कोणास काहीच वाटत नाही. त्या काळी ती अघटित गोष्ट होती, आणि गोखल्यांसारख्या मवाळ पुरुषाने ती करावी, यावरून प्रसंगाचे गांभीर्य कळते.

मेहता निवृत्त झाल्यावर गोखले वरिष्ठ कायदेमंडळात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास लॉर्ड कर्झन यांच्यासमोर त्यांचे अंदाजपत्रकावरील पहिले भाषण झाले. त्या साली खजिन्यात सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते आणि सरकार त्याबद्दल अभिनंदनाची अपेक्षा करीत होते. गोखल्यांनी अभिनंदन केले नाही. शिल्लक आली कोठून, हे त्यांनी विचारले. ही रीत आम्ही वर्गात सांगावी तशी सांगतो. हिंदुस्थानच्या तिजोरीतून दरसाल सुमारे एक कोटी सत्तर लाख पौंड विलायतेस पाठवावे लागत. एक पौंड म्हणजे २४० पेनी. १८९४-९५ साली रुपयाचा भाव सुमारे १३ पेनीपर्यंत उतरला होता. म्हणजे एका पौंडासाठी जवळजवळ साडेअठरा रुपये मोजावे लागत. ही तूट भरून काढण्यासाठी सरकारने प्रजेवर कर वाढविले. टाकसाळी बंद केलेल्या असल्यामुळे पुढे रुपया महाग होऊन १६ पेनीवर स्थिरावला, आणि त्याच पौंडास पंधराच रुपये पडू लागले. दर पौंडामागे सुमारे साडेतीन रुपये वाचले. कोट्यवधी पौंडांचा गुणाकार केला म्हणजे शिल्लक समोर येते. देश श्रीमंत झाला म्हणून ती आली नव्हती. गरज संपली तरी कर मात्र चालूच राहिले म्हणून ती आली होती. आणि तीही दुष्काळाने व प्लेगने माणसे मरत असता.

मग त्यांनी मिठावरील कराकडे बोट दाखविले. १८८८ साली तो दर मणास दोन रुपयांवरून अडीच रुपये केला होता. मीठ राजासही लागते व भिकाऱ्यासही तेवढेच लागते. हा कर दरिद्री माणसावर किती पडतो, हे त्यांनी वर्षामागून वर्षे मांडले. सरकारने त्या दिवशी काही मान्य केले नाही. परंतु १९०३ साली मिठावरील कर दोन रुपयांवर आला, १९०५ साली दीड रुपयावर, आणि १९०७ साली एक रुपयावर. प्राप्तिकराची मर्यादाही १९०३ मध्ये वार्षिक ५०० रुपयांवरून १००० रुपयांवर नेली गेली. हे सर्व एकट्या गोखल्यांनी घडवून आणले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ज्या मंडळात एकही मत देण्याची सोय नव्हती तेथे केवळ हिशेब विचारून एवढे पदरात पडले.

या आकड्यांच्या मागे आणखी एक गृहस्थ होते, त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही. गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी हायस्कुलाचे हेडमास्तर. सोलापुरास बसून त्यांनी सरकारी जमाखर्चाचा जो सूक्ष्म अभ्यास केला त्याचा गोखल्यांच्या भाषणांस मोठा आधार होता. एक मास्तर कलकत्त्यास उभा राहून बोले आणि दुसरा मास्तर सोलापुरास बसून त्रैराशिके मांडी, हे चित्र आमच्या पेशाच्या माणसास सुखावणारे आहे.

१९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी दोन नव्या गोष्टी दिल्या. मूळ प्रश्न विचारणाऱ्या सभासदास उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, आणि सार्वजनिक प्रश्नांवर ठराव मांडता येऊ लागले. उपप्रश्नाचे महत्त्व जाणत्यास सांगावयास नको. लेखी उत्तर कारकून तयार करतो. उपप्रश्नाचे उत्तर अधिकाऱ्यास स्वतः द्यावे लागते, आणि विषय त्यास कितपत ठाऊक आहे ते तेथेच उघड होते. वरिष्ठ मंडळात अधिकाऱ्यांचेच बहुमत असल्यामुळे मतदानात जय मिळणे कठीण होते, तरीही २५ फेब्रुवारी १९१० रोजी नाताळ वसाहतीत गिरमिटी मजूर पाठविणे बंद करावे हा गोखल्यांचा ठराव सरकारला मान्य करावा लागला, आणि १ जुलै १९११ पासून ती निर्यात थांबली. गिरमिटाची पद्धत सर्वत्र बंद करावी हा १९१२ सालचा ठराव मात्र फेटाळला गेला. मजुरांची ती भरती १९१७ साली बंद झाली; ते पाहावयास गोखले नव्हते.

याच १९१० सालच्या वृत्तपत्रांच्या कायद्यास गोखल्यांनी कडवा विरोध केला नाही, हे त्यांच्या चरित्रातील वैगुण्य आम्ही झाकून ठेवू इच्छित नाही. ज्याने आयुष्यभर सरकारास जाब विचारला त्याने इतरांच्या लेखणीवर बंधन येत असता थोडी दुरुस्ती सुचवून गप्प राहावे, हे आम्हांस पटत नाही. काळ अत्याचारांचा होता, त्यांस वेगळी भीती वाटत असावी, एवढेच म्हणता येते.

त्यांच्या मनास सर्वांत लागून राहिलेला विषय प्राथमिक शिक्षणाचा. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे शिक्षण राज्यभर चालू केले होते. जे एक संस्थानिक करू शकतो ते हिंदुस्थान सरकार का करू शकत नाही, हा गोखल्यांचा प्रश्न होता. १९१० साली त्यांनी तसा ठराव मांडला आणि आश्वासन मिळाल्यावर मागे घेतला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी विधेयकच आणले. ते अत्यंत माफक होते. ज्या नगरपालिकेस वा जिल्हा बोर्डास इच्छा असेल तिने प्रांतिक सरकारच्या संमतीने सहा ते दहा वर्षांच्या मुलांस शाळा सक्तीची करावी, महिना दहा रुपयांहून कमी मिळकत असणाऱ्या बापाकडून फी घेऊ नये, आणि खर्चाचे दोन वाटे सरकारने व एक वाटा स्थानिक संस्थेने उचलावा. मार्च १९१२ मध्ये दोन दिवस चर्चा होऊन ते ३८ विरुद्ध १३ मतांनी नामंजूर झाले. सरकारी सभासदांबरोबर काही हिंदी जमीनदारांनीही विरुद्ध मत दिले. शेतावरचा पोर शाळेत गेला तर गुरे कोण राखील, ही चिंता त्यांस होती. गोखल्यांस पराभव अपेक्षित होता, आणि तरीही त्यांनी ते तडीस नेले. मुंबई प्रांतात विठ्ठलभाई पटेलांचा कायदा १९१८ साली झाला. आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क देशभर कायद्याने अमलात यावयास १ एप्रिल २०१० उजाडावा लागला.

मधुमेह व दमा यांनी शरीर जर्जर झालेले असताही सार्वजनिक नोकऱ्यांच्या कमिशनचे काम ते करीतच होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. वय अवघे ४८. ज्यांच्याशी जन्मभर वाद घातला ते लोकमान्य टिळक सिंहगडाहून स्मशानात आले आणि त्यांच्या गौरवपर बोलले.

उपप्रश्न कोणत्याही सभासदास विचारता येऊ लागला तो १९१९ च्या सुधारणांनंतर. परंतु हे सर्व ब्रिटिश मुलखात. आपला औरंगाबाद जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि येथील रयतेने स्वतः निवडलेल्या प्रतिनिधीने सरकारास विचारावे, ही गोष्ट १९४८ च्या मुक्तीनंतर, १९५२ च्या निवडणुकीने प्रथम खरी झाली. गोखल्यांचा धागा मात्र त्याआधीच इकडे येऊन पोहोचला होता. त्यांच्या भारत सेवक समाजातील नारायण मल्हार जोशी हे मध्यवर्ती कायदेमंडळात मजुरांच्या वतीने वर्षानुवर्षे प्रश्न विचारीत राहिले. त्यांच्या हाताखाली चिटणीस म्हणून व्यंकटेश खेडगीकर नावाच्या एका तरुणाने काम केले. तो तरुण पुढे हिप्परग्यास व अंबेजोगाईस मास्तर झाला, संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाला आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नायक झाला. २०२० सालच्या पावसाळी अधिवेशनात साथीमुळे लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला तेव्हा आम्हांस याच परंपरेची आठवण झाली. १९५७ साली औरंगाबादच्या मतदारांनी स्वामीजींस लोकसभेत पाठविले. गोखल्यांस ज्या मंडळात खर्चाच्या एका रुपयावरही मत मागता येत नव्हते, त्याच्या जागी आता ही सभा होती, आणि तिच्या कामाचा पहिला तास प्रश्नांसाठी राखलेला होता.