शफी इनामदार : हशामागचा संयम

विनोदी मालिकेत टाळ्या बहुधा विनोद करणाऱ्याला मिळतात. तो विनोद झेलणारा नट मात्र दुर्लक्षित राहतो. शफी इनामदार यांनी ही दुसरी, अवघड जागा प्रतिष्ठेची केली.

२३ ऑक्टोबर १९४५ रोजी दापोली परिसरात जन्मलेले इनामदार मुंबईच्या रंगभूमीवर अभिनेते आणि दिग्दर्शक म्हणून घडले. रुपेरी पडद्यावर ते आले तेव्हा चाळिशी जवळ आली होती. गोविंद निहलानी यांच्या ‘विजेता’नंतर १९८३ मध्ये ‘अर्धसत्य’ आला. ओम पुरी यांच्या धुमसत्या अनंत वेलणकरला सांभाळून घेणारा, व्यवस्थेच्या वाटा ओळखून असलेला इन्स्पेक्टर हैदर अली त्यांनी आवाज न चढवता उभा केला.

१९८४ मध्ये दूरदर्शनवरील ‘ये जो है जिंदगी’ने त्यांना घराघरांत नेले. हिंदी व्यंगकार शरद जोशी यांनी लिहिलेल्या या मालिकेत राकेश बेदींचा मेहुणा राजा आणि दर भागात नवे रूप घेणारे सतीश शहा धमाल उडवीत. त्या गोंधळात इनामदारांचा रणजित कधी वैतागे, कधी हताशपणे पाहत राही. त्याच्या त्या साधेपणामुळेच इतरांचा वेडेपणा खुलत असे.

१९९५ मध्ये ‘हम दोनों’ द्वारे ते चित्रपट दिग्दर्शनाकडे वळले. हा नवा अध्याय बहरण्यापूर्वीच, १३ मार्च १९९६ रोजी, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी, ज्येष्ठ अभिनेत्री भक्ती बर्वे यांचेही २००१ मध्ये अपघाती निधन झाले. दोन तालेवार कलावंतांचे हे घर पाच वर्षांत निमाले.