मुळशीचा पराभव आणि सेनापती बापट

पुण्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या माथ्यालगत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. निळा आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ बांध घालून अडविलेले हे पाणी आपली पूर्वेकडील नैसर्गिक वाट सोडून डोंगर फोडून पश्चिमेकडे वळविण्यात आले आहे. घाटाखाली भिरा येथे ते प्रचंड वेगाने कोसळते, जनित्रे फिरविते आणि कुंडलिकेच्या पात्रातून अरबी समुद्राला मिळते. १९२७ पासून येथील विजेने मुंबईच्या गिरण्या आणि आगगाड्या चालविल्या. यंत्रविद्येचा हा पराक्रम निर्विवाद आहे. परंतु या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची घरे, देवळे आणि आंबेमोहोर भाताची खाचरे गेली, हेही तितकेच निर्विवाद आहे. या गावांसाठी तुरुंगवास पत्करणाऱ्या पांडुरंग महादेव बापट यांचे चरित्र ध्यानात घेतल्यावाचून मुळशीच्या धरणाचा हिशेब पुरा होत नाही.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी अहमदनगर जिल्ह्यातील पारनेर येथे एका गरीब कुटुंबात झाला. तल्लख बुद्धीच्या बळावर ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि मंगलदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून १९०४ मध्ये एडिंबरो येथे यांत्रिक अभियांत्रिकीचा अभ्यास करण्यासाठी गेले. पुढे धरणाविरुद्ध उभा राहिलेला हा पुरुष यंत्राला भिणारा किंवा यंत्राचा द्वेष करणारा नव्हता. यंत्र हाच त्याच्या अभ्यासाचा विषय होता, ही गोष्ट सहसा विसरली जाते. ब्रिटिश राजवटीवर कठोर टीका करणारा निबंध वाचल्यामुळे त्यांची शिष्यवृत्ती बंद झाली. लंडनमधील इंडिया हाउसमध्ये त्यांचा श्यामजी कृष्णवर्मा आणि सावरकर यांच्याशी संबंध आला. बाँब तयार करण्याची विद्या शिकण्यासाठी ते हेमचंद्र दास यांच्यासह पॅरिसला गेले आणि १९०८ मध्ये ती विद्या घेऊन स्वदेशी परतले. अलीपूर खटल्याच्या धरपकडीत त्यांचे नाव बाहेर येताच त्यांना भूमिगत व्हावे लागले. सुमारे चार वर्षांनी ते पकडले गेले. परंतु पुराव्याअभावी त्यांची सुटका झाली. त्यानंतर पारनेरला परतून त्यांनी हाती झाडू घेतला आणि गावाचे रस्ते स्वतः झाडले. बाँबपासून झाडूपर्यंतचा हा प्रवास अनेकांना विसंगत वाटतो. परंतु जे काम करावयाचे त्याची झळ प्रथम स्वतः सोसावयाची, हे सूत्र त्या दोहोंत समान आहे.

या सूत्राची खरी कसोटी मुळशीने पाहिली. पहिल्या महायुद्धानंतर टाटांच्या वीज कंपनीने मुळशी पेट्यात धरणाची योजना हाती घेतली. जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली घ्यावयाच्या होत्या. सार्वजनिक हिताचे कारण दाखवून सरकारने जमीन घ्यावी आणि ती खासगी कंपनीच्या हवाली करावी, अशी सोय त्या कायद्यात होती. शेतकऱ्याची संमती घेण्याचे बंधन मात्र त्यात नव्हते. १९२१ च्या एप्रिलमध्ये, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. शेकडो पुरुष आणि स्त्रिया बांधाच्या जागी जाऊन बसल्या. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारखे कार्यकर्ते गावोगाव हिंडले. महात्मा गांधींनीही मावळ्यांच्या बाजूने लिहिले. काम काही काळ थांबले. याच लढ्यात बापटांना लोकांनी सेनापती ही पदवी दिली आणि ती त्यांना जन्मभर चिकटली.

हा लढा अवघड होता, कारण समोर केवळ परके सरकार नव्हते. टाटांचा उद्योग हा स्वदेशी उद्योग होता आणि राष्ट्रीय वृत्तीच्या सुशिक्षितांना त्याचा अभिमान वाटत असे. देशाला वीज हवी, कारखाने हवेत, हे कोणास नाकारता येणार होते? पेट्यातील अनेक जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या. त्यांना लढ्यापेक्षा नुकसानभरपाईचा दर वाढवून घेण्यात अधिक रस होता. दर वाढला तशी आघाडी फुटत गेली. जो कूळ म्हणून राबत होता आणि ज्याच्या नावावर सात-बारा नव्हता, त्याच्या पदरात मात्र फारसे काही पडले नाही. बापटांचा आग्रह मोबदल्याचा नव्हता. जमीनच न देण्याचा होता. परकीय सत्तेचा अन्याय तो अन्याय आणि स्वकीय भांडवलाचा अन्याय तो विकास, ही विभागणी त्यांना मान्य नव्हती.

सत्याग्रहाच्या मार्गावर ते अखेरपर्यंत स्थिर राहिले नाहीत, हेही सांगितले पाहिजे. तुरुंगवास भोगूनही काम थांबत नाही, असे पाहून १९२४ च्या अखेरीस त्यांनी प्रकल्पाची गाडी अडविली आणि शस्त्र हाती घेतले. या कृत्याने गांधीमार्गी सहकाऱ्यांची अडचण झाली आणि लढ्याची नैतिक बाजू दुबळी झाली, ही टीका अनाठायी नाही. मात्र बापटांनी आपल्या कृत्याची जबाबदारी दुसऱ्यावर ढकलली नाही. त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. १९३१ मध्ये ते बाहेर आले तेव्हा धरण उभे होते, गावे बुडाली होती आणि भिऱ्याची जनित्रे चार वर्षे फिरत होती.

यापुढेही त्यांना विश्रांती नव्हती. सुभाषचंद्रांच्या फॉरवर्ड ब्लॉकचे त्यांनी महाराष्ट्रात काम केले. १५ ऑगस्ट १९४७ रोजी पुण्यात राष्ट्रध्वज फडकविण्याचा मान त्यांना मिळाला. १९५५ मध्ये, वयाच्या पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, ते गोव्याच्या सत्याग्रहात उतरले. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनातही ते अग्रभागी होते. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुळशीच्या रणात सेनापती हरले. पण त्यांनी उभा केलेला प्रश्न हरला नाही. स्वातंत्र्यानंतर धरणे वाढली आणि विस्थापितांची संख्याही वाढली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने कायदा केला तो १९७६ मध्ये. १८९४ चा भूसंपादन कायदा जाऊन त्याच्या जागी आलेला कायदा २०१३ मध्ये संमत झाला आणि १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. खासगी कंपनीसाठी जमीन घ्यावयाची तर बाधित कुटुंबांपैकी ऐंशी टक्के कुटुंबांची संमती हवी, हे तत्त्व त्यात आले. मावळ्यांनी बांधावर बसून जे मागितले, त्याचा अंश कायद्याच्या पुस्तकात उतरण्यास नव्वदांहून अधिक वर्षे लागली.

मुंबईत दादर-परळच्या गिरणगावातून जाणाऱ्या एका मोठ्या रस्त्याला सेनापती बापटांचे नाव आहे. ज्या गिरण्यांसाठी मुळशी बुडाली त्यांपैकी बहुतेक बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहिल्या. मुळशीचे पाणी मात्र अजून तेथेच आहे. एखाद्या महापुरुषाचे नाव रस्त्याला देणे सोपे असते. नव्या प्रकल्पाचा आराखडा आखताना ज्यांची घरे जाणार त्यांना प्रथम विचारणे, हेच त्या नावाचे खरे स्मारक ठरेल.